यापूर्वीची शाळा

झुंबरबाईंना गावात कुणी कधी शिक्षिका म्हटलं नाही. हे आधीच सांगून टाकते, कारण पुढचं सगळं त्यातूनच आलं. लोक म्हणायचे, वनाआप्पाची बायको, ती पोरं राखते. माझी आजीही तसंच म्हणायची. लहान होते तोवर मला त्यात काही वावगं वाटलं नाही. आता कुणी माझ्यासमोर 'राखते' म्हटलं की माझं डोकं फिरतं, आणि हे ठाऊक असल्यामुळे माझ्या शाळेतले सहकारी मुद्दाम तो शब्द वापरतात.

आमचं गाव शिरपूर तालुक्यातलं. चोपड्याच्या रस्त्यावर फाटा लागतो, तिथून आत तीन किलोमीटर. कापूस आणि ज्वारी, ज्यांच्या विहिरीला पाणी त्यांची केळी. कापूस वेचायला सातपुड्याच्या पायथ्याची कुटुंबं उतरतात, त्यातली काही इथेच खोप्या घालून राहतात. १९८० साली गावात चौथीपर्यंतची शाळा होती, दोन गुरुजींची. त्याच्या आधीच्या वयाच्या पोरांचं कुणी काही बघत नव्हतं. आया निंदणीला गेल्या की पोरं बांधावर, नाहीतर गल्लीत. झुंबरबाई माहेरी शिरपूरला सातवी शिकून इकडे दिलेल्या. त्यांना ते बघवेना. मारुतीच्या पाराशेजारी पंचायतीची एक पडीक खोली होती, कुणाची तरी ढेपेची पोती ठेवायला वापरात होती. बाईंनी ती झाडली, सारवली आणि पोरं गोळा करून बसल्या. कुणाला विचारलं नाही, म्हणून कुणी नाही म्हटलं नाही. कसला ठरावही झाला नाही. हा ठराव न होणं पुढे फार महागात पडलं.

मी त्या पहिल्या तुकडीतली. सुगी झाली की आया, आठवलं तर, पायलीभर ज्वारी बाईंच्या घरी टाकायच्या. बाकी काही नाही. सकाळी आठला बाई दारात उभ्या असायच्या, आणि बारा वाजेपर्यंत आम्ही त्यांचे.

त्या काय करायच्या ते मला धुळ्याला डी.एड.ला गेल्यावर कळलं. आमच्या मॅडमनी एक दिवस सांगितलं की मुलाच्या हातात पेन्सिल देण्याआधी बोटांची तयारी व्हावी लागते. मी वर्गात बसल्या जागी हसले. बाई आम्हाला रोज मूठ-मूठ कापूस द्यायच्या, त्यातली सरकी चिमटीने काढायची. माझी आजी म्हणायची, झुंबर फुकटात पोरांकडून काम करून घेते. ती पेन्सिल धरायची चिमटी होती, आजी मेली तरी तिला ते कळलं नाही. मग त्याच सरकीने मोजायचं, सरकीच्याच रांगा लावून जमिनीवर आकार करायचे. बोलायचं अहिराणीत. सहा महिन्यांनी बाई एकेक वस्तू हातात देऊन हिला घरी काय म्हणतात आणि पुस्तकात काय म्हणतात ते सांगायला लागायच्या. पुस्तकातलं बरोबर आणि घरचं चूक, असं त्यांनी एकदाही म्हटलं नाही.

रुपसिंग नावाचा पोरगा होता, वरच्या पाड्यावरून आलेल्या मोगराबाईचा. त्याला आमची बोली येत नव्हती, म्हणून तो दारातच बसून राहायचा. बाई आठवडाभर रोज संध्याकाळी मोगराबाईच्या खोपीवर जाऊन बसल्या आणि पाणी, भूक, दुखतंय, शू, आई, असे तिच्या बोलीतले शब्द शिकून आल्या. पुढच्या सोमवारी रुपसिंगला त्याच्या बोलीत पाणी हवंय का विचारलं. तो आत आला. यासाठी त्यांना कुणी सांगितलं नव्हतं आणि कुठलं प्रशिक्षणही नव्हतं. असं असूनही गाव म्हणत होतं, राखते.

आता गाठींच्या लुगड्याविषयी.

जूनमध्ये शाळा उघडली की बाईंकडची सहा वर्षांची झालेली पोरं पहिलीत जायची. तशी ती आपापल्या बापाबरोबर गेली असती. पण बाईंनी पहिल्याच वर्षी वेगळी रीत घातली. त्यांचं एक जुनं हिरवं नऊवारी होतं. आदल्या दिवशी प्रत्येक मुलाच्या आईने त्याला आपल्या मुलाच्या नावाची एक गाठ मारायची. सकाळी पोरांनी आपापली गाठ धरून रांगेने पारापासून शाळेपर्यंत चालत जायचं, पुढे बाई. शाळेच्या ओसरीवर रुपचंद गुरुजी उभे असायचे. ते एकेक गाठ सोडायचे, आणि गाठ सुटेपर्यंत बाई त्या मुलाविषयी जे सांगायचं ते सांगायच्या. हा भूक लागली की रडतो, पोट दुखतंय म्हणेल पण दुखत नसतं. हिला मोठ्या आवाजाची भीती वाटते. ह्याचा बाप पितो, सोमवारी ह्याला काही विचारू नका. गाठ सुटली की मूल शाळेचं.

माझी गाठ सोडताना बाई म्हणाल्या ते मला शब्दाशब्दाने आठवतं. "हाई मंजुळा. डावा हातघाई लिखस. तिना हात बांधू नका."

त्या काळी डावखुऱ्या पोरांचा हात बाकाला बांधायची पद्धत होती. माझा कुणी बांधला नाही. मी आजही फळ्यावर डाव्या हाताने लिहिते.

गाठ सुटली की गुरुजी टेबलाशी बसून आमचं नाव घालायचे. शाळेचं जनरल रजिस्टर म्हणजे लांबरुंद पुठ्ठ्याचं, नाव, जात, जन्मतारीख असे रकाने आखलेलं. त्यात एक रकाना असतो, 'यापूर्वीची शाळा'. पहिल्या वर्षी बाईंनी त्या रकान्यावर बोट ठेवून गुरुजींना सांगितलं, "ह्या पोरे घरथीन नही उनात, नाना. मनी बालवाडीमाईन उनात. तेवढं लिखा." गुरुजी हसून म्हणाले, लिहितो ना झुंबरबाई, घरून नाही, तुमच्या बालवाडीतून आली, न लिहून कसं चालेल. बाईंना तेवढं पुरलं. असे पंधरा जून गेले, पण बाईंनी त्या रजिस्टरात कधी डोकावून पाहिलं नाही. वाचता येत होतं, टेबल हाताच्या अंतरावर होतं. पण गुरुजींच्या दप्तरात वाकून बघणं म्हणजे जेवणाऱ्याच्या ताटात डोकावणं, असं आमच्याकडे समजतात. बाईंनी शेवटपर्यंत ते पाळलं.

रुपचंद गुरुजी वाईट माणूस नव्हते. हे लिहिताना माझा जीव कडू होतो, पण खरं ते खरं. मारायचे नाहीत. आमच्यापैकी कितीतरी जणांना त्यांनी शिरपूरच्या हायस्कुलात स्वतः नेऊन घातलं, मला धरून. अख्खं गाव त्यांना नाना म्हणायचं. आणि अक्षर तर असं की बाई आम्हा पोरांना मुद्दाम शाळेच्या फळ्यासमोर नेऊन उभं करायच्या आणि बघा म्हणायच्या, अक्षर असं असतं.

गुरुजींची मुलगी नंदा चार वर्षांची झाली तरी बोलत नव्हती. शिरपूरला दाखवलं, धुळ्याला दाखवलं. डॉक्टर म्हणाले, कान ठीक आहेत, घसा ठीक आहे, बोलेल. गुरुजींच्या बायकोने नवस बोलून झाले. शेवटी त्यांनी नंदाला बाईंकडे आणून सोडलं. बाईंनी तिला बोल म्हणून एकदाही सांगितलं नाही. फक्त एक काम दिलं, रोज सगळ्यांना सरकी वाटायचं. प्रत्येकासमोर जाऊन एक मूठ ठेवायची. हे आठ महिने चाललं. मग एक दिवस एका पोराला द्यायला सरकी उरली नाही, तेव्हा नंदा बाईंकडे वळून म्हणाली, "याले नही भेटनी."

त्या संध्याकाळी गुरुजी वनाआप्पांच्या ओट्याशी येऊन उभे राहिले. आत या म्हटलं तरी आले नाहीत. डोळे पुसत म्हणाले की झुंबरबाई, हे मी जन्मात विसरणार नाही. मी तेव्हा अकरा वर्षांची होते, बाईंकडे ताक मागायला गेले होते. हे मी माझ्या कानांनी ऐकलेलं आहे. पुढच्या वर्षी, अठ्ठ्याऐंशीच्या जूनमध्ये, नंदा गाठ धरून शाळेत गेली. गुरुजींनी स्वतःच्या मुलीची गाठ सोडली.

एकोणनव्वदला गुरुजींना जिल्ह्याचा आदर्श शिक्षक पुरस्कार मिळाला. गावाने सत्कार ठेवला. बाईंनी दोन दिवस खपून पोरांकडून झेंडूचे हार करून घेतले. गुरुजी भाषणात म्हणाले, आमच्या गावात मुलं थेट घरून येतात, कोरी पाटी असते, आणि आम्ही त्यांना दिवाळीपर्यंत वाचतं करतो. लोकांनी टाळ्या वाजवल्या. बाई पुढच्याच रांगेत होत्या, त्यांनीही वाजवल्या. परत येताना मी बाईंना विचारलं, गुरुजींनी तुमचं नाव का नाही घेतलं. त्या म्हणाल्या, "येवढा लोकेसमोर मानूस इसरी जास." मला ते पटलं. बाईंना पटलं होतं म्हणून मला पटलं.

शहाण्णवच्या उन्हाळ्यात गावाला अंगणवाडी मंजूर झाली. मी डी.एड.ची परीक्षा देऊन घरी आले होते. अंगणवाडीला एक सेविका आणि एक मदतनीस नेमणार होते. सेविकेला नेमणुकीचा कागद मिळणार होता, त्यावर पद लिहिलेलं असणार होतं, आणि दोन-तीन महिन्यांचं प्रशिक्षण असणार होतं. बाईंचा जीव त्या प्रशिक्षणात अडकला होता. चाळिशी उलटलेली बाई, पण मला एकदा ओट्यावर बसवून त्यांनी एक वही दाखवली. प्रशिक्षणात विचारायचे प्रश्न त्यात लिहून ठेवले होते. चावणाऱ्या मुलाचं काय करावं. तोतरं बोलणाऱ्याला मध्ये थांबवावं की बोलू द्यावं. मेलेल्या भावंडाविषयी मूल विचारतं तेव्हा काय सांगावं. असे बत्तीस प्रश्न होते. म्हणाल्या, पंधरा वर्षं मी अंदाजाने करत आले, काही चुकलंही असेल, कुणाला तरी विचारायला मिळेल. धुळ्याला आमच्या वर्गात चाळीस जण होतो, त्यातल्या एकाकडेही विचारायला एवढे प्रश्न नव्हते.

निवडीचा नियम साधा होता. शिक्षण सातवी चालेल, दहावी असेल तर बरं. पण गावात आधी बालवाडी चालवलेली बाई असेल तर तिला प्राधान्य, मात्र त्याचा लेखी पुरावा पाहिजे. दुसरा अर्ज सरपंच अभिमनआबांच्या धाकट्या सुनेचा होता. ती दहावी पास होती. पोरगी वाईट नव्हती, तिच्याविषयी माझी तक्रार नाही.

मी बाईंना म्हटलं, मी घरोघर फिरते, ज्यांची पोरं तुमच्याकडे होती त्या सगळ्या आयांचे अंगठे आणि सह्या एका कागदावर घेते. दोन दिवसांचं काम होतं. मला हौसही होती. बाईंनी मला वेड्यात काढलं. "बाया कसाले? नानाजोडे बठ्ठं लिखेल शे." पंधरा वर्षांची पोरं नानांकडे सरकारी रजिस्टरात लिहिलेली, त्यापुढे बायकांच्या अंगठ्यांना कोण विचारतं, आणि भरउन्हात तू कशाला फिरतेस. शिवाय बायकांकडे अंगठा मागायला जाणं म्हणजे नानांच्या शब्दावर विश्वास नाही असं दिसलं असतं. मी ऐकलं. मी बाईंचं सगळंच ऐकायची. एवढं एक ऐकायला नको होतं.

निवड पंचायतीच्या खोलीत झाली. तालुक्याहून बालविकास अधिकारी मॅडम आल्या होत्या. समितीत सरपंच म्हणून अभिमनआबा आणि मुख्याध्यापक म्हणून रुपचंद गुरुजी. दारात आणि खिडकीशी वीस-पंचवीस माणसं जमलेली, मी दाराच्या चौकटीला टेकून. बाईंनी तेच हिरवं लुगडं घडी करून पिशवीत आणलं होतं. वाटलं असेल की मॅडमना रीत समजावून सांगावी लागेल.

मॅडम नीट होत्या. त्यांनी सगळं विचारलं, सरकीचं ऐकून त्यांना कौतुक वाटलं, रुपसिंगचं ऐकून त्यांनी पेन खाली ठेवलं. म्हणाल्या, बाई, माझ्या मनात तुमचंच नाव आहे, फक्त एक कागद द्या. पंचायतीचा ठराव आहे का. नव्हता. बाईंनी पाठ ताठ करून सांगितलं की शाळेच्या रजिस्टरात सगळं आहे, नाना इथेच बसले आहेत, त्यांना विचारा.

मॅडम गुरुजींकडे वळल्या. गुरुजी म्हणाले, रजिस्टर कपाटात आहे, कपाटाची किल्ली घरी आहे, आज लगेच जमणार नाही. मला तेव्हाच काहीतरी खटकलं. किल्ली त्यांच्या जानव्याला असायची, सगळ्या पोरांना ठाऊक होतं. बाई म्हणाल्या की सावकाश आणा नाना, मी थांबते. मॅडमही थांबायला तयार होत्या. मग गुरुजींना उठावंच लागलं.

शाळा पन्नास पावलांवर आहे. त्यांना यायला अर्धा तास लागला.

मॅडमनी रजिस्टर उघडलं. एक पान पाहिलं, दुसरं पाहिलं, मग मागे गेल्या, मग आणखी मागे. त्यांनी ते फिरवून बाईंच्या पुढे सरकवलं. बाईंनी आयुष्यात पहिल्यांदा ते पान वाचलं. मी दारातून मान लांब केली. दरवर्षीच्या पहिल्या नावासमोर 'यापूर्वीची शाळा' या रकान्यात, त्या सुंदर अक्षरात, एकच शब्द होता. घरून. आणि त्याखाली पान संपेपर्यंत प्रत्येक नावासमोर दोन बारीक उभ्या रेघा. वरच्यासारखंच, अशी खूण. पुन्हा लिहायचे कष्टसुद्धा त्यांनी घेतले नव्हते.

बाई बोट फिरवत खाली-खाली जात होत्या. पान उलटत होत्या. त्या काय शोधताहेत ते कुणाला कळेना. अठ्ठ्याऐंशीच्या पानावर त्यांचं बोट थांबलं. त्यांनी मान वर केली आणि अगदी हळू विचारलं.

"नाना, तुमनी नंदा बी घरथीनच उनी का?"

गुरुजींनी बाईंकडे पाहिलं नाही, मॅडमकडे पाहून ते म्हणाले, "तो रकाना मान्यताप्राप्त शाळेसाठी असतो. नियम आहे तसा." प्रमाण मराठीत म्हणाले. बाईंशी ते पंधरा वर्षं अहिराणीत बोलत आले होते.

मॅडमनी जमलेल्या लोकांकडे पाहून विचारलं की कुणाला काही सांगायचंय का. खिडकीशी जे उभे होते त्यांतल्या निम्म्यांची पोरं बाईंच्या हातून गेली होती. तोताराम होता, ज्याचा पोरगा माती खायचा आणि बाईंनी ती सवय सोडवली. कुणी बोललं नाही. नानांसमोर कसं बोलायचं. शेवटी अभिमनआबा बोलले, आणि ते आपल्या परीने बाईंची बाजूच घेत होते. म्हणाले, पोरं राखायची ती, हे मात्र खरं.

आणि मी. मी तोंड उघडलं होतं. गुरुजींनी माझ्याकडे पाहिलं. रागाने नाही, नुसतं पाहिलं. माझ्या डी.एड.च्या प्रवेशाला चारित्र्याचा दाखला त्यांनी दिला होता, नोकरीच्या अर्जालाही तेच देणार होते. मी तोंड मिटलं. बाईंनी माझ्याकडे पाहिलंच नाही, म्हणून त्यांना हे कळलं की नाही मला माहीत नाही. मी त्यांना कधी विचारलं नाही. गावाला शिव्या घालायचा हक्क मला नाही, तरी मी घालते.

सेविका म्हणून आबांच्या सुनेचं नाव लागलं. बाईंना मदतनीस व्हाल का विचारलं, पोरांच्या खाऊची सुकडी शिजवायची, पोरांना घरून आणायचं. बाई नाही म्हणाल्या. पिशवी उचलून घरी गेल्या. दुसऱ्या दिवशी त्यांच्या कुंपणावर हिरवं लुगडं वाळत घातलेलं दिसलं. गाठी त्या वर्षी कुणी मारलेल्याच नव्हत्या, पण पंधरा वर्षं जिथे मारल्या जायच्या तिथे वळ्या पडलेल्या होत्या, धुऊनही गेल्या नाहीत. ते नेसून बाई आप्पांबरोबर निंदणीला जायला लागल्या. प्रश्नांच्या वहीचं काय झालं विचारलं तर म्हणाल्या, चुलीत.

आठ दिवसांनी गुरुजी आमच्या घरी आले. मला म्हणाले, मंजुळा, तुला तरी समजायला हवं. पहिल्या वर्षी खरंच नियम म्हणून त्यांनी घरून लिहिलं होतं. मग तपासणीला साहेब आले, ते पान पाहून म्हणाले, घरून आलेली पोरं दिवाळीत वाचतात, कमाल आहे तुमची. गुरुजी तेव्हा गप्प राहिले. पुढच्या वर्षी पुन्हा गप्प राहिले. पुरस्कार मिळाल्यावर तर बोलायची सोयच उरली नाही. म्हणाले, बाईंना मी आता हवं तसं प्रमाणपत्र लिहून देतो, तू नेऊन दे. मी म्हटलं, तुम्ही द्या. ते गेले नाहीत. मला त्या दिवशी वाटलं की हा माणूस खलनायक असता तर मला सोपं गेलं असतं. मी ज्यांचं अक्षर गिरवून शिकले त्यांच्याच अक्षरात तो शब्द होता, आणि मी आजही क काढते तो त्यांच्यासारखाच निघतो. याचा मला राग येतो.

गुरुजी सत्याण्णवला निवृत्त होऊन धुळ्याला मुलाकडे गेले. मी वर्षभर वरच्या एका पाड्यावर शिकवलं, आणि अठ्ठ्याण्णवच्या जूनमध्ये बदली होऊन माझ्याच गावात, माझ्याच शाळेत आले. कपाटाची किल्ली माझ्याकडे आली. पहिलीची पोरं आपापल्या बापांबरोबर आली. कुणी रांगेने आलं नाही, कुणी कुणाविषयी काही सांगितलं नाही. मी यापूर्वीची शाळा या रकान्यात प्रत्येकासमोर 'अंगणवाडी' असं पूर्ण लिहिलं, रेघा मारल्या नाहीत. आता तसं लिहायचा नियम झाला होता.

मग मागची पानं काढली. ब्याऐंशी सालचं पान. सव्विसावी ओळ माझी. मंजुळा, जन्मतारीख, दोन बारीक रेघा. लाल शाईने दुरुस्ती करून मुख्याध्यापकांची सही घेतली तर चालतं, मी विचारून ठेवलं होतं. निदान माझी ओळ, निदान नंदाची. गणपतीच्या सुट्टीत मी बाईंच्या शेतात गेले. त्या कापसात वाकून निंदत होत्या. मी बांधावर उभी राहून सगळं सांगितलं, पान कोणतं, शाई कोणती, सही कुणाची.

बाईंनी वर न बघता ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, "खोडू नको. तेस्नी लिखेल शे, तेस्ना अक्षरमा राहू दे."

मी वळून चालायला लागले. दहा पावलं गेले असेन, तेवढ्यात त्यांनी मागून हाक मारली आणि विचारलं, तो नथ्थूचा उखर्डू तुझ्याच वर्गात आहे ना. मी हो म्हटलं. उखर्डूने मला जूनपासून वैताग आणला होता. एक सांगितलं तर दुसरंच करायचा, हाक मारली तर भिंतीकडे बघत बसायचा. दोनदा मी त्याला वर्गाबाहेर उभं केलं होतं. एकदा कान धरला होता.

"त्याले पुढे बसाड," बाई म्हणाल्या. "त्याना डावा कान काम नही करस."

बाईंच्या हाताखाली तो एक दिवससुद्धा नव्हता. येता-जाता गल्लीत पाहिला होता, तेवढंच. अंगणवाडीत दोन वर्षं काढून, माझ्या वर्गात तीन महिने काढून, हे आम्हा दोघी पगारी बायांना दिसलं नव्हतं. बाई पुन्हा खाली वाकल्या आणि निंदायला लागल्या.

दुसऱ्या दिवशी मी उखर्डूला पुढे आणलं, उजव्या बाजूने त्याच्याशी बोलले. तो हसला. त्याने तीन महिन्यांत पहिल्यांदा मला उत्तर दिलं. रजिस्टर कपाटात आहे. मी काही खोडलं नाही. सव्विसाव्या ओळीत मी घरून आले असं लिहिलेलं आहे, ते खोटं आहे, आणि ज्या दिवशी ते बोलायचं होतं त्या दिवशी मी दारात गप्प उभी होते.